डोरनाकलचे बिशप अझरिया: नेमणूक शोभेची, कारकीर्द कशाची?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) बिशप व्ही. एस. अझरिया यांना इंग्रजांनी केवळ दाखवण्यापुरते नेमले होते, असे ऐकण्यात आले; ते खरे आहे का? बिशप नेमके काय करतो, आणि ‘पहिले भारतीय’ यापलीकडे अझरियांच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय आहे?

मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास हा विषय मी तीसहून अधिक वर्षे पाळकीय सेवेच्या उमेदवारांना मराठीतून शिकवला, आणि हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात दर वर्षी वर्गात येत असे. आमच्या वेळच्या नोट्समध्ये अझरियांना एकच ओळ होती आणि परीक्षेत त्यांच्यावर एका गुणाची रिकामी जागा येई. रिकामी जागा भरणारे विद्यार्थी पुढे पाळक झाले. पण हा माणूस काय करत होता, हे त्यांतल्या बहुतेकांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यात माझाही दोष आहेच, कारण पहिली काही वर्षे मीही तेवढेच शिकवत होतो.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. नेमणाऱ्यांच्या मनात दाखवण्याचा भाग मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. पण ज्यांना नेमले त्यांनी ते पद शोभेचे राहू दिले नाही. आणि नेमणूक खरी की दिखाऊ, याचा निकाल १९१२ सालाकडे पाहून लागत नाही. त्यासाठी नंतरची बत्तीस वर्षे पाहावी लागतात, एकदा त्या माणसाच्या बाजूने आणि एकदा व्यवस्थेच्या बाजूने. या दोन बाजूंची उत्तरे वेगवेगळी निघतात.

प्रथम पदाविषयी. अँग्लिकन परंपरेत सेवकांच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, पाळक आणि बिशप. पाळक बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजनाचा विधी चालवतो, उपदेश करतो. परंतु नवा पाळक घडवण्याचा, म्हणजे डोक्यावर हात ठेवून दीक्षा देण्याचा अधिकार एकट्या बिशपचा असतो. बाप्तिस्मा झालेल्यांना दृढीकरण देणे, म्हणजे डोक्यावर हात ठेवून त्यांना विश्वासात पक्के करण्याचा विधी करणे, नवे मंदिर समर्पित करणे, पाळकांच्या नेमणुका करणे आणि चुकल्यास त्यांना शिस्त लावणे, हीही कामे त्याचीच. नव्या बिशपचा अभिषेक किमान तीन बिशप मिळून करतात, कारण ही परंपरा प्रेषितांपासून हातोहात चालत आली आहे अशी श्रद्धा आहे. बिशपच्या ताब्यातील प्रदेशाला आपण धर्मप्रांत म्हणतो आणि जेथे त्याचे आसन असते त्या मंदिराला कॅथेड्रल. मंदिर मोठे असले म्हणून ते कॅथेड्रल होत नाही. बिशपची खुर्ची तेथे असली म्हणजे होते. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढे एका रेल्वे जंक्शनच्या गावातील कॅथेड्रलविषयी बोलायचे आहे.

आता भारतातील अडचण. कलकत्त्याचा धर्मप्रांत १८१४ साली, मद्रासचा १८३५ साली आणि मुंबईचा १८३७ साली राजसनदेने निघाला. या तिन्ही ठिकाणच्या बिशपांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे पर्यायाने येथील रयतेच्या महसुलातून दिला जाई. बिशप हा धर्माधिकारी तर होताच, शिवाय एका अर्थाने सरकारी अंमलदारही होता, आणि त्याच्या हाताखाली गोऱ्या पलटणींचे चॅप्लिन, म्हणजे लष्करी पाळक, व गोरे मिशनरी असत. अशा खुर्चीवर भारतीय माणूस बसवायचा म्हणजे गोऱ्या पाळकाने त्याच्यापुढे गुडघे टेकून दीक्षा घ्यायची, त्याच्या आज्ञेने बदली स्वीकारायची. खरी अडचण येथे होती. धर्मशास्त्रात ती कोठेही नव्हती.

शिवाय आफ्रिकेतील एक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि पुढे सुटका झालेले सॅम्युएल अजयी क्राउथर १८६४ साली पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले. नायजर नदीकाठी त्यांनी मंडळ्या उभ्या केल्या. परंतु १८९० च्या सुमारास तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवले, वृद्ध बिशपांना अपमान गिळावा लागला आणि १८९१ च्या अखेरच्या दिवशी ते वारले. त्यांच्या जागी इंग्रज बिशप आला. ‘प्रयोग फसला’ असा सोयीस्कर अर्थ लंडनमध्ये काढला गेला, आणि पुढची वीस वर्षे भारतीय बिशपाचा विषय निघाला की हा दाखला पुढे केला जाई. अझरियांच्या नेमणुकीमागची धास्ती समजून घ्यायची तर क्राउथरांची ही हकीकत माहीत असावी लागते.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तमिळ मुलखातल्या तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविळै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे खेड्यातले पाळक आणि कुटुंब नाडर समाजातले. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे हा या समाजाचा पारंपरिक व्यवसाय, आणि वरच्या जातींनी त्यांना मंदिरापासून व रस्त्यापासून दूर ठेवलेले. दीर्घ प्रतीक्षेनंतर मुलगा झाला म्हणून आईने बायबलातल्या हन्नाची, शमुवेलाच्या आईची, आठवण ठेवून सॅम्युएल, आपल्या मराठी बायबलातला शमुवेल, हे नाव दिले. अझरिया हेही बायबलातलेच नाव. दानीएलाबरोबर बाबेलात नेलेल्या तरुणांपैकी अबेद्‌नगोचे मूळ नाव ते. परक्या दरबारात राहून आपला देव न सोडणाऱ्याचे नाव पुढे परक्या साम्राज्याच्या चर्चमध्ये बिशप होणाऱ्याला मिळावे, हा निव्वळ योगायोग. पण वर्गात सांगायला मला तो नेहमी आवडत असे.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये ते शिकले, मात्र आजारपणामुळे अखेरच्या परीक्षेला बसता आले नाही आणि पदवी हुकली ती कायमची. (पुढे १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.) १८९५ पासून सुमारे चौदा वर्षे त्यांनी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव म्हणून दक्षिण भारत पालथा घातला. अमेरिकेतून आलेले शेरवुड एडी त्यांचे सहकारी होते, आणि ही मैत्री बरोबरीची होती. एका टोपीवाल्याशी खांद्याला खांदा लावून काम करता येते, हा अनुभव त्यांना तेथे मिळाला, आणि म्हणूनच इतर ठिकाणी तो मिळेना तेव्हा काय हरवले आहे हे त्यांना नेमके सांगता आले.

१९०२ साली ते सिलोनमध्ये जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने स्वतःचे प्रचारक पाठवत होते. ख्रिस्ती होऊन पिढ्या लोटलेली तिरुनेलवेलीची मंडळी मात्र अजून विलायतेच्या मनीऑर्डरीवर डोळे लावून बसलेली. ही लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी पाळयमकोट्टै येथे तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, असा तिचा दंडक. १९०५ च्या नाताळात बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे याच तत्त्वावर सर्व पंथांची राष्ट्रीय मिशनरी संस्था निघाली, तिचेही ते एक संस्थापक. वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या त्या वर्षी ‘भारतीय पैसा, भारतीय माणूस’ ही भाषा हवेतच होती. अझरियांनी ती मंडळीत आणली.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने कामासाठी निवडलेला मुलूख होता निजामाच्या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातला डोरनाकल. भाषा तेलुगू, म्हणजे तमिळ माणसाला परकीच. दुसऱ्यांना तिकडे पाठवायचे आणि आपण मद्रासेत सभा घ्यायच्या, हे अझरियांना पटेना. १९०९ साली त्यांनी सचिवपद सोडले, दीक्षा घेतली आणि पस्तिसाव्या वर्षी तेलुगूची बाराखडी गिरवत ते डोरनाकलला राहायला गेले. पत्नी अनबू मरियम्माळ याही बरोबर. दक्षिण भारतात महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांपैकी त्या एक होत्या, आणि डोरनाकलच्या कामाचा निम्मा भार पुढे त्यांनीच उचलला. तंबूत राहून काम सुरू झाले. तेव्हा बिशपपदाचे नाव कोणी काढले नव्हते, हे लक्षात ठेवावे. खुर्ची मिळाली म्हणून ते डोरनाकलला गेले नाहीत, ते तेथे होते म्हणून खुर्ची तेथे आली.

जून १९१० मध्ये एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी आणि त्यांत भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधील सहकार्य या विषयावर अझरियांचे भाषण झाले. मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातले संबंध मालक-नोकराचे आहेत, हे त्यांनी भर सभेत सांगितले. सभागृहात चुळबूळ झाली. शेवटी त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेतला. तुम्ही आपले धन गरिबांच्या अन्नासाठी दिलेत, आपली शरीरे जाळण्यासाठी दिलीत, भारतीय मंडळी हे उपकार युगानुयुगे स्मरेल. पण आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या, असा त्या शेवटाचा आशय. हे वाक्य आता इतके उद्धृत होते की त्याची धार गेली आहे. त्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की सर्व काही दिले आणि प्रीती नसली तर काहीच लाभ नाही. हा निष्कर्ष अझरियांनी उच्चारला नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो अध्याय पाठ होता, त्यामुळे उच्चारण्याची गरजही नव्हती.

त्यांना बिशप करण्याचा आग्रह धरणारे होते मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड. तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे हे थोरले बंधू. विरोध दोन्हीकडून झाला. भारतीयाच्या हाताखाली काम करावे लागेल म्हणून काही मिशनऱ्यांना ते नको होते, आणि नाडर माणूस बिशप होणार म्हणून तिरुनेलवेलीच्याच काही वरच्या जातींतल्या ख्रिस्ती लोकांनाही नको होते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघत नाही, हे आपल्याकडील मंडळ्यांनाही वेगळे सांगायला नको.

तोड काढली गेली ती मोठी चतुर होती. डोरनाकल निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या थेट अमलाबाहेर. राजसनद नको, सरकारी पगार नको. संस्थानी मुलखात असा धर्मप्रांत काढण्याचा पायंडा त्रावणकोर-कोचीनने १८७९ साली पाडलेलाच होता. मद्रासच्या बिशपचा सहायक म्हणून अझरियांचा अभिषेक करायचा आणि डोरनाकलचा छोटा टापू त्यांच्या हवाली करायचा. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये हा अभिषेक झाला. टापू एवढा लहान आणि इतका आडबाजूचा की गोऱ्या मिशनऱ्यांवर हुकूम चालवण्याचा प्रसंग फारसा येऊ नये. प्रश्नकर्त्याला ज्याचा वास आला तो दिखाऊपणा येथे आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु गोष्ट येथे थांबली नाही. १९२० नंतर मद्रास इलाख्यातील कृष्णा, गुंटूर आणि आसपासचे तेलुगू भाग, जेथे इंग्रजी मिशनरी संस्था कित्येक दशके काम करत होत्या, ते डोरनाकलला जोडण्यात आले. आता इंग्रज मिशनरी खरोखरच भारतीय बिशपच्या हाताखाली आले. आकाश कोसळले नाही. १९२४ साली या धर्मप्रांतात इंग्रज पाळक ८ होते आणि भारतीय ५३. १९१२ साली काही हजारांत असलेली ख्रिस्ती संख्या त्यांच्या अखेरच्या वर्षांत दोन लाखांच्या वर गेली होती. या वाढीचे श्रेय एकट्या बिशपला देणे चूक ठरेल. तेलुगू देशातली माला आणि मादिगा या अस्पृश्य समाजांची चळवळ त्यांच्या आधीपासून चालू होती. पण लाट आली म्हणजे मंडळी उभी राहतेच असे नाही. लोक वस्तीच्या वस्तीने येतात, बाप्तिस्मा घेतात, आणि शिकवायला कोणी नसले की पाच वर्षांत वस्ती होती तेथेच परत असते. अझरियांचे कसब दिसते ते या ठिकाणी, आणि म्हणून या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे.

त्यांनी भर दिला तो गावशिक्षकावर. थोडेसे शिकलेला, बहुधा त्याच समाजातला तरुण आणि त्याची बायको, दोघांनाही डोरनाकलला प्रशिक्षण दिले जाई. बायकोला वगळून चालणार नाही असा त्यांचा कटाक्ष होता, कारण घरात आणि विहिरीवर बोलणार ती. मग हे जोडपे गावकुसाबाहेरच्या पल्लीत, म्हणजे अस्पृश्यांच्या वस्तीत, झोपडी बांधून राही. दिवसा मुलांची शाळा, रात्री शेतावरून परतलेल्या मोठ्यांना प्रार्थना, दहा आज्ञा आणि गीते. १९३५ पर्यंत असे दोन हजारांवर गावशिक्षक कामाला होते. बिशप वर्षातला मोठा काळ या वस्त्यांतून फिरत, बैलगाडीने, नाहीतर मिळेल त्या वाहनाने. खेड्याची चार भुते ते मोजून दाखवत: घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. उपदेशाच्या जोडीला दवाखाने, सहकारी पतसंस्था आणि छापखाना ही याच चार भुतांवरची उतारे होती.

दृढीकरणाचा किंवा बाप्तिस्म्याचा प्रसंग कसा असे, ते पाहा. वस्तीतली माणसे, दिवसभर मालकाच्या शेतात राबलेली, एकत्र बसलेली. विधीच्या वेळी बिशप नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला लावत आणि म्हणवून घेत: मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी शुभवर्तमान सांगितले नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार! हे पौलाचेच शब्द. यातली हाताची खूण मला फार सूचक वाटते. डोक्यावर हात ठेवणे ही बिशपची मक्तेदारी, तीवरच त्याचे पद उभे. येथे बिशप सांगतो की आता तुझा हात तुझ्या डोक्यावर ठेव. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्या माणसाला त्या क्षणी प्रचारकाची सनद मिळते, आणि ती तो स्वतःच्या हाताने घेतो. अझरियांनी हा अर्थ कोठे लिहून ठेवला आहे असे मी म्हणत नाही; शिकवता शिकवता मला तो दिसला.

दुसरी गोष्ट दानाची. गरिबाकडून दान मागू नये, हा दयाळू मिशनऱ्यांचा संकेत अझरियांना मान्य नव्हता. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही त्याला आपण माणूस मानत नाही, असा त्यांचा रोख होता. घरातल्या बाईने रोज चुलीवर भात चढवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायचे आणि ते गाडगे आठवड्याने मंडळीत आणायचे, ही दक्षिणेतली पद्धत डोरनाकलमध्ये चांगली रुजली. सुगीच्या सणाला कोंबडी, अंडी, भाजी, धान्य वेदीपाशी येई. ख्रिस्ती दानाविषयी त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले, ते अनेक भाषांत गेले. आमच्याकडील काही मंडळ्यांच्या वार्षिक सभांत वर्गणीवरून होणारे वाद ऐकताना मला त्या गाडग्याची आठवण झालेली आहे. पण तो विषय वेगळा.

उपासनेत त्यांनी तेलुगू गीते, भजने आणि कोलाटमसारखे टिपऱ्यांचे नाच येऊ दिले. मात्र प्रार्थनाग्रंथाची चौकट मोडली नाही. डोरनाकलचे कॅथेड्रल याच वृत्तीतून झाले आहे. काझीपेठ-विजयवाडा मार्गावर डोरनाकल जंक्शन लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तेथे मुद्दाम उतरलो. आपल्या मनात कॅथेड्रल म्हटले की मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमससारखी इंग्रजी वळणाची इमारत येते. येथे वर मशिदीसारखे घुमट आणि आत दक्षिणी देवळासारखे दगडी खांब, त्यांवर कमळ. निजामाच्या राज्यातल्या हिंदू-मुसलमान वळणांतून उभे राहिलेले हे मंदिर ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, समर्पित झाले आणि त्याच सणाचे नाव त्याला दिले. बांधकाम पैशाअभावी वर्षानुवर्षे रखडले होते. खांबांपाशी उभे राहिल्यावर मला जाणवले ते एवढेच की हे कोणी विलायतेहून आराखडा पाठवून बांधलेले नाही.

आता वादाचा भाग. अझरियांना राष्ट्रवाद्यांचा रोष पत्करावा लागला, आणि तोही गंमत म्हणजे ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत असे ते म्हणत असताना. मंडळी ही जातीसारखी राजकीय जमात बनली तर तिचा आत्माच हरवेल, असे त्यांचे मत होते. म्हणजे या मुद्द्यावर ते गांधीजींच्या जवळ होते. परंतु धर्मांतराच्या प्रश्नावर दोघे समोरासमोर उभे राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि हा प्रश्न देशभर पेटला. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेचे मिशनरी पुढारी जॉन मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी विचारले की तुम्ही गायीला शुभवर्तमान सांगाल का. काही अस्पृश्यांची समज त्याहून अधिक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण हा युक्तिवाद सदोष होता असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माला-मादिगा माणसांत अझरिया पंचवीस वर्षे वावरत होते, त्यांना स्वतःचे हित कळते आणि निवडीचा अधिकार आहे, हे त्यांच्या दृष्टीने वादाचे कलमच नव्हते, तो रोजचा अनुभव होता. कोणी पोटासाठी आला, कोणी जमीनदाराच्या जाचातून सुटायला आला, हे ते नाकारत नसत. पण येण्याचे कारण काहीही असो, नंतर माणूस बदलतो की नाही हे पाहा, असे त्यांचे म्हणणे. पल्लीतला बदल पाहून त्या भागातले काही शेतकरी जातींतले लोकही बाप्तिस्मा मागू लागले होते, ही घटना ते पुरावा म्हणून पुढे ठेवत.

टीका दुसऱ्या अंगानेही झाली आणि ती मला अधिक गंभीर वाटते. पी. चेंचय्या, व्ही. चक्करै यांच्यासारखे मद्रासचे ख्रिस्ती विचारवंत विचारत होते की बिशप, धर्मप्रांत, पगारी पाळक हा सगळा सांगाडाच विलायती असताना त्यावर भारतीय माणूस बसवून काय साधणार? आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच प्रश्नाचे उत्तर आचरणातून दिले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. टिळक चौकटीतून बाहेर पडले; अझरिया चौकटीत राहिले. शिस्त, आज्ञापालन, नियमित उपासना यांवर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांच्या कारभारात वडीलधारा करडेपणा होता हेही खरे. ते धर्मशास्त्रात नवे काही मांडणारे नव्हते. मात्र दरबार टिळकांबरोबर ओसरला, आणि डोरनाकलच्या वस्त्यांतून आजही उपासना चालते. मी टिळकांच्या गीतांवर वाढलेला माणूस आहे, तरी हा फरक मला दडवता येत नाही.

टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले. त्याच महिन्याच्या १ आणि २ तारखेला दक्षिणेत तरंगंबाडी येथे अझरियांच्या पुढाकाराने तेहतीस ख्रिस्ती पुढारी जमले होते. दोघे वगळता सारे भारतीय. पंथांचे हे भेद आमच्या भांडणातून आले नाहीत, ते परदेशातून आमच्यावर लादले गेले, असे जाहीर करून त्यांनी एकीकरणाची हाक दिली. तेलुगू खेड्यातून हे भेद किती पोकळ दिसत असतील याची कल्पना करा: एका मिशनच्या हद्दीत माणूस अँग्लिकन होतो, नदीपलीकडे त्याचा मेहुणा बॅप्टिस्ट, आणि दोघे एका ताटात जेवत असले तरी एका प्रभुभोजनाला बसू शकत नाहीत. १९२७ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या चर्च-ऐक्याच्या जागतिक परिषदेत अझरियांनी सांगितले की ख्रिस्ती देशांत फाटाफूट ही दुर्बलता असेल, आमच्याकडे ती पाप आहे आणि लोकांत होणारी नाचक्कीही. वाटाघाटी वर्षानुवर्षे अडल्या त्या बिशपपदावरच: ज्यांना बिशपच्या हातून दीक्षा मिळालेली नाही त्या पाळकांचे काय करायचे? अखेर २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, आणि बिशप असलेल्या व नसलेल्या परंपरा प्रथमच एका मंडळीत आल्या. ते पाहायला अझरिया नव्हते. १ जानेवारी १९४५ रोजी डोरनाकल येथे त्यांचे निधन झाले होते.

तर मूळ प्रश्नाकडे. १९१२ पासून १९४५ पर्यंत, बत्तीस वर्षे, भारतातील अँग्लिकन चर्चमध्ये स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे अझरिया हे एकमेव भारतीय बिशप राहिले. मधल्या काळात दोन-चार भारतीय सहायक बिशप झाले, पण धर्मप्रांत कोणाच्या हवाली झाला नाही. १९३० साली भारतातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या कायद्यातून मोकळे झाले, म्हणजे राजसनदेची सबबही उरली नाही; तरीही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या धर्मप्रांतातून नाशिकचा वेगळा काढला गेला. नाशिक हे मराठी मंडळीचे जुने ठाणे. शरणपूरसारखी ख्रिस्ती वस्ती तेथली. मराठी पाळक कित्येक होते. पहिले बिशप नेमले गेले ते फिलिप लॉइड, सज्जन आणि कष्टाळू इंग्रज गृहस्थ. खुद्द डोरनाकललाही अझरियांच्या पश्चात आले ते ए. बी. इलियट. म्हणजे दिखाऊपणाचा आरोप ठेवायचाच तर तो व्यवस्थेवर ठेवावा. प्रयोग यशस्वी झाल्याचे तीस वर्षे डोळ्यांसमोर दिसत असताना तिने तो दुसरीकडे केला नाही.

मराठी मंडळीत त्यांचे नाव फारसे का निघत नाही, याचे कारणही यातच आहे. निजामाच्या एकाच राज्यात आपला मराठवाडा आणि त्यांचे डोरनाकल होते. पण चर्चच्या नकाशात दोघांची तोंडे वेगळ्या दिशांना होती. दक्षिणेचे एकीकरण १९४७ साली झाले, त्यात महाराष्ट्रातल्या अँग्लिकन मंडळ्या नव्हत्या. त्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. त्यामुळे अझरियांच्या धडपडीचे फळ आमच्याकडे आले ते तेवीस वर्षे उशिरा आणि दुसऱ्या दाराने, आणि ज्याने बी पेरले त्याचे नाव बिल्ल्यावर नव्हते. आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या दिवशी बिशप येतात तेव्हा मुलांना त्यांच्या काठीविषयी आणि टोपीविषयी प्रश्न पडतात. मी त्या वर्गाला डोरनाकलची गोष्ट सांगतो, आणि मग सगळ्यांना स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला सांगतो. काही मुले हसतात, पण ठेवतात.